स्वस्तातला लॅपटॉप निवडताना: जे नंतर बदलता येत नाही, ते आधी बघा

लॅपटॉपच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत जे छापलेलं असतं, ते बहुतेकदा कंपनीला सगळ्यात स्वस्तात देता येतं. प्रोसेसरचं घराणं, ‘१ टीबी स्टोरेज’, ‘फुल एचडी’. स्क्रीन किती उजळ आहे, बॅटरी किती वॉट-अवरची आहे (म्हणजे तिच्यात वीज किती मावते), रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची डकवलेली आहे की काढता येते, चार्जर कसला लागतो, हे शोधायला मात्र पान खाली सरकवत सरकवत तळाशी जावं लागतं. महागड्या लॅपटॉपमध्ये या गोष्टी बऱ्याचशा गृहीत धरता येतात. स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये काटकसर नेमकी इथेच झालेली असते.

म्हणून खरेदीचा क्रम जाहिरातीच्या उलटा ठेवायचा. एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी डिस्क, वर्षभराने मोठी टाकता येते, माऊस आणि वेबकॅम बाहेरून जोडता येतात. स्क्रीन, कीबोर्ड, वजन, सोल्डर केलेली रॅम आणि चार्जिंगचा पोर्ट यांच्याशी मात्र लॅपटॉप मोडीत जाईपर्यंत संसार करायचा असतो. त्या आधी तपासायच्या. प्रोसेसरची पाळी त्यानंतर.

पायरी १: कामाची यादी, पण खरी

कागद घ्या आणि गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरवर काय काय केलं ते लिहा. ‘कधीतरी व्हिडिओ एडिटिंग शिकायचंय’ वगैरे लिहायचं नाही. बहुतेकांची यादी अशी निघते: ब्राउझर, मेल, लिहिणं, थोडं एक्सेल, व्हिडिओ कॉल, संध्याकाळी एखादा सिनेमा. एवढ्यासाठी भारी मशीन लागत नाही.

या यादीत एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून शोधा: फक्त विंडोजवरच चालणारं असं काही आहे का? अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, डिजिटल सहीचा डोंगल, ऑफिसचं जुनं व्हीपीएन, एखाद्या ऑनलाइन परीक्षेचं ॲप, जुना प्रिंटर. यातलं एक जरी निघालं तरी ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रश्न तिथेच निकालात निघतो.

मग दोन ओळी प्रवासाच्या. लॅपटॉप टेबलावर वापरणार की मांडीवर? आणि प्लगपासून सलग किती तास लांब राहावं लागतं? पहिल्या उत्तरावरून आकार ठरतो, दुसऱ्यावरून बॅटरी.

सध्याचा विंडोज कॉम्प्युटर हाताशी असेल तर आणखी एक करा. नेहमीचं सगळं उघडं ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. नेहमीच्या कामात आकडा ६ जीबीच्या बराच पुढे जात असेल, तर नवा लॅपटॉप ८ जीबीवर भागणार नाही.

पायरी २: विंडोज, क्रोमबुक, मॅक की लिनक्स

विंडोज घेणार असाल तर आज विंडोज ११ च. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानात किंवा ऑनलाइन ‘विंडोज १० सह’ असा स्वस्त लॅपटॉप दिसला, तर तो ११ वर जाऊ शकतो का हे आधी विचारा. त्यासाठी साधारणपणे इंटेल प्रोसेसरची आठवी पिढी किंवा एएमडीच्या लॅपटॉप रायझनची ३००० मालिका, त्यापुढचं काहीही, आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज सांगितलं आहे. ती अट सुरू होण्यापुरती आहे. त्यावर दिवसभर काम करणं हा संयमाचा भाग.

काही स्वस्त लॅपटॉप ‘एस मोड’मध्ये येतात. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप्स चालतात. या मोडमधून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, पण एकदा बाहेर पडलं की परत जाता येत नाही. परत जायची गरजही सहसा पडत नाही.

यादीतलं सगळं ब्राउझरमध्येच होत असेल तर क्रोमबुकचा, म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपचा, विचार जरूर करा. त्याच किमतीच्या विंडोज लॅपटॉपपेक्षा ते हलकं चालतं आणि पटकन सुरू होतं. मात्र क्रोमबुकला एक्स्पायरी असते. २०२१ पासून आलेल्या मॉडेलना १० वर्षं अपडेट मिळतात, पण ती १० वर्षं तुमच्या खरेदीपासून मोजत नाहीत, तो हार्डवेअर प्लॅटफॉर्म बाजारात आला तेव्हापासून मोजतात. म्हणजे ‘नवंकोरं’ म्हणून घेतलेल्या क्रोमबुकची काही वर्षं गोडाऊनमध्येच सरलेली असू शकतात. शेवटची तारीख गूगलच्या मदत पानावर मॉडेलनुसार दिलेली असते, ती बघूनच घ्या. ‘क्रोमबुक प्लस’ हे लेबल ऑक्टोबर २०२३ पासून आहे आणि त्यामागे ठरलेली किमान पातळी आहे: ८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, फुल एचडी आयपीएस स्क्रीन, १०८०पी वेबकॅम. असं किमान पातळी सांगणारं लेबल स्वस्त विंडोज लॅपटॉपवर असतं तर हा लेख निम्म्यात संपला असता.

नवा मॅक बेताच्या बजेटमध्ये सहसा बसत नाही, पण वापरलेला मॅकबुक एअर एम१ बसू शकतो. नोव्हेंबर २०२० चं मॉडेल, वजन १.२९ किलो, पंखा नाही म्हणून आवाज नाही, आणि बॅटरी अजूनही अनेक नव्या स्वस्त लॅपटॉपना लाजवते. रॅम-एसएसडी दोन्ही सोल्डर केलेली, त्यामुळे घेताना जे मिळेल तेच कायम. इंटेल प्रोसेसरचा जुना मॅक मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची मोठी आवृत्ती असेल, हे ॲपलने २०२५ मध्येच सांगून टाकलं आहे.

लिनक्स मिंट किंवा उबुंटू या लिनक्सच्या फुकट आवृत्त्या जुन्या लॅपटॉपला दुसरं आयुष्य देण्यासाठी उत्तम. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करताही चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावर झोपणं आणि उघडल्यावर जागं होणं, एवढं नीट चाललं तर पुढे जा.

पायरी ३: स्क्रीन

दिवसभर बघायची ती स्क्रीनच, आणि स्वस्त लॅपटॉपात सगळ्यात जास्त फसवणारीही तीच. ‘फुल एचडी’ म्हणजे १९२० × १०८० ठिपके, एवढंच. रंग कसे दिसतील, बाजूने बघितल्यावर काय होईल, उजेडात अक्षरं वाचता येतील का, यातलं काहीच त्यातून कळत नाही.

स्पेसिफिकेशनमध्ये तीन शब्द शोधा. पहिला, पॅनेल: आयपीएस हवं, टीएन नको. टीएन पॅनेल समोर उभं राहून थोडं पुढे-मागे झुकवलं की रंग उलटल्यासारखे होतात, पांढरं पिवळट आणि काळं राखाडी दिसू लागतं. दुकानात लॅपटॉप समोर असेल तर ही तपासणी दहा सेकंदांत होते. दुसरा शब्द निट्स, म्हणजे उजेड. २२० किंवा २५० निट्सची स्क्रीन घरात, पडदे ओढलेल्या खोलीत ठीक. खिडकीशेजारी किंवा गाडीत बसून काम करायचं असेल तर ३०० तरी हवेत, जास्त असतील तर बरंच. तिसरा शब्द रंगांचा: ‘४५ टक्के एनटीएससी’ (स्क्रीन किती रंग दाखवू शकते त्याचं माप) असं लिहिलेलं असेल तर फोटोतले लाल-हिरवे धुतलेल्या कपड्यासारखे फिके दिसतील. लिहिण्या-वाचण्याला त्याने अडत नाही, फोटो निवडण्याचं काम असेल तर अडतं.

१३६६ × ७६८ ची स्क्रीन अजून विकली जाते. घेऊ नका. दोन खिडक्या शेजारी ठेवल्या की दोन्ही निरुपयोगी. उलट १९२० × १२०० ची, म्हणजे १६:१० प्रमाणाची स्क्रीन मिळाली तर आनंदाने घ्या. उंचीला १२० ठिपके जास्त मिळतात, लिहिताना दोन-चार ओळी जास्त दिसतात, आणि आडवा आकार फारसा वाढत नाही. चकचकीत काचेपेक्षा मॅट स्क्रीन प्रवासात सोयीची, कारण तीत आपलाच चेहरा दिसत बसत नाही.

पायरी ४: आकार, वजन, कीबोर्ड

प्रवासासाठी १४ इंच हा मधला आणि चांगला आकार. विमानाच्या किंवा रेल्वेच्या ट्रेवर १५.६ इंची लॅपटॉप ठेवला आणि पुढच्याने सीट मागे टाकली की झाकण पूर्ण उघडत नाही. १४ इंचीचं वजन १.३ ते १.५ किलोच्या आसपास असतं, १५.६ इंचीचं बहुतेक १.६ ते १.८. फरक किरकोळ वाटतो, पण खांद्यावर अडकवून अर्धा दिवस फिरा, मग बोलू. वजन बघताना चार्जरचंही धरा. जुन्या पद्धतीचा वीट-चार्जर पाव किलोच्या पुढे सहज जातो, आणि तो कुठल्याही स्पेसिफिकेशनमध्ये लॅपटॉपच्या वजनात मोजलेला नसतो.

कीबोर्ड बघताना मधोमध बोटाने दाबून बघा. अख्खी पाटी खाली झुकत असेल तर टायपिंग कायम पोकळ लागेल. बाणांच्या चार बटणांपैकी वर-खालची अर्ध्या उंचीची असतात, त्याची सवय होते. पॉवरचं बटण डिलीटच्या शेजारी असेल तर त्याची सवय व्हायला वेळ लागतो. रात्रीच्या गाडीत काम करणाऱ्यांना कीबोर्डला उजेड हवाच. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडा, बिजागरी कुरकुरली किंवा झाकण पिळवटल्यासारखं झालं तर दुसरं मॉडेल बघा.

‘मिलिटरी ग्रेड’ हा शब्द दिसला की भारावून जाऊ नका. एमआयएल-एसटीडी-८१०एच ही चाचण्यांची यादी आहे, त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या ते कंपनीच ठरवते, आणि लॅपटॉप हातातून पडून फुटला तर साध्या वॉरंटीत तो बसत नाही तो नाहीच.

कीबोर्ड जोडायच्या टॅब्लेटबद्दलही विचारलं जातं. टेबलावर छान. मांडीवर मागचा स्टँड टोचतो आणि सगळं डुगडुगतं.

पायरी ५: रॅम आणि स्टोरेज

विंडोजला आज ८ जीबी रॅम किमान समजा, आणि बजेटमध्ये बसत असेल तर १६. पण आकड्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: रॅम वाढवता येते का? तीन प्रकार असतात. सगळी सोल्डर केलेली, थोडी सोल्डर केलेली आणि एक स्लॉट रिकामा, किंवा दोन्ही स्लॉट. ८ जीबी सोल्डर आणि स्लॉट नाही असं असेल तर तो लॅपटॉप ८ जीबीवरच म्हातारा होणार. स्लॉट असेल तर आज ८ घेऊन पुढे वाढवता येतं, मात्र २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती बऱ्याच चढल्या आहेत, त्यामुळे ‘नंतर टाकू’ नेहमीच स्वस्त पडेल असं नाही. दोन्ही किमती विचारून मगच ठरवा.

दुकानातल्या डेमो मशीनवर हे तपासता येतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि ‘फॉर्म फॅक्टर’ असं लिहिलेलं असतं. फॉर्म फॅक्टरपुढे ‘सोडिम’ असेल तर पट्टी काढता येते, ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती बोर्डावर चिकटलेली आहे. त्याच पानावर ८ जीबीऐवजी ७ पॉइंट काहीतरी दिसेल. उरलेली मेमरी ग्राफिक्सने स्वतःसाठी बाजूला ठेवलेली असते, कुणी चोरलेली नाही.

स्टोरेजमध्ये एकच मोठा खड्डा आहे: ईएमएमसी. हा फोनमध्ये आणि मेमरी कार्डात असतो तसला साठा, बोर्डावर सोल्डर केलेला. ईएमएमसी ५.१ ची कागदावरची कमाल गती सेकंदाला ४०० एमबी, तर साध्या एनव्हीएमई (वेगवान जोडणीच्या) एसएसडीची त्याच्या कितीतरी पट. ६४ जीबी ईएमएमसीवर विंडोज टाकलं की पुढच्या मोठ्या अपडेटलाच जागा अपुरी पडायला लागते. क्रोमबुकमध्ये ईएमएमसी चालवून घेता येतं, विंडोजमध्ये नाही. २५६ जीबी एनव्हीएमई बहुतेकांना पुरते. (विंडोज ती २३८ जीबी दाखवतं. हा मोजण्याच्या पद्धतीचा फरक आहे, दुकानदाराशी भांडू नका.)

आणि ‘१ टीबी + १२८ जीबी’ असलं काही वाचलं तर थांबा. त्यातला १ टीबी हा बऱ्याचदा वर्षभराचा क्लाउड असतो, लॅपटॉपच्या आत त्याचा पत्ता नसतो.

पायरी ६: बॅटरी आणि चार्जिंग

‘१० तास बॅकअप’ हे वाक्य विसरा. तो आकडा मंद उजेडात, वायफाय नुसतं चालू ठेवून किंवा एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा चालवून काढलेला असतो. वॉट-अवर शोधा. स्वस्त लॅपटॉपात तो साधारण ३६ ते ५० असतो. मग भागाकार करा. लिहिणं आणि ब्राउझर, उजेड मध्यम, असं असताना साधा लॅपटॉप ६ ते ८ वॉट खातो. म्हणजे ४२ वॉट-अवरच्या बॅटरीवर सहाएक तास. व्हिडिओ कॉल सुरू झाला की खर्च जवळजवळ दुप्पट होतो, म्हणजे तास निम्मे. दोन वर्षांनी बॅटरीची ताकद कमी झालेली असेल, तेही धरा. ३६ वॉट-अवरची बॅटरी असलेला लॅपटॉप ‘प्रवासासाठी’ म्हणून विकला जात असेल तर प्रवास छोटा असायला हवा.

चार्जिंगला यूएसबी-सी हवं, आणि हा माझ्या मते प्रवासी लॅपटॉपचा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा आहे. गोल पिनेचा चार्जर घरी विसरला किंवा वाटेत बिघडला तर परक्या गावात तस्साच दुसरा शोधत फिरावं लागतं. यूएसबी-सीवर चार्ज होणाऱ्या लॅपटॉपला शेजाऱ्याचा चार्जर चालतो, आणि फोन व लॅपटॉप मिळून एकच घेऊन निघता येतं. युरोपियन युनियनने तर २८ एप्रिल २०२६ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या लॅपटॉपना यूएसबी-सी चार्जिंग बंधनकारक केलं आहे, त्यामुळे पुढे हा प्रश्न कमी होत जाईल. पण जुन्या साठ्यात आणि सेकंडहँड बाजारात तो आहेच.

इथे दोन अडचणी आहेत. यूएसबी-सी पोर्ट दिसला म्हणजे तो चार्जिंगचा असेलच असं नाही. अनेक स्वस्त मॉडेलांत तो फक्त डेटासाठी असतो. स्पेसिफिकेशनमध्ये त्या पोर्टपुढे ‘पॉवर डिलिव्हरी’ लिहिलेलं हवं. दुसरं, चार्जरही तेवढ्या ताकदीचा हवा. चार्जरच्या अंगावर बारीक अक्षरांत ‘आउटपुट’ची ओळ असते: ५ व्होल्ट, ९ व्होल्ट, १५ व्होल्ट असे आकडे. त्यात २० व्होल्टचा आकडा शोधा. ‘२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर’ म्हणजे ६५ वॉट, साध्या लॅपटॉपला भरपूर. २० व्होल्ट, २.२५ अँपिअर म्हणजे ४५ वॉट, तेही चालतं. यादी ९ किंवा १२ व्होल्टवर संपत असेल तर तो फोनचा चार्जर. लॅपटॉप एकतर त्याला नाकारेल किंवा ‘स्लो चार्जर’ म्हणून कुरकुर करेल. केबलचंही तसंच. ३ अँपिअरची साधी केबल ६० वॉटपर्यंतच नेते, त्यापुढे ५ अँपिअरची केबल लागते.

परदेशी जाणाऱ्यांनी त्याच लेबलवर ‘इनपुट’ची ओळ वाचावी. तिथे १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल, आणि लॅपटॉपच्या चार्जरवर ते जवळपास नेहमीच असतं, तर फक्त पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. जड ट्रान्सफॉर्मर वाहायची गरज नाही.

पॉवर बँक घेणार असाल तर हिशेब असा: २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट भागिले १,००० म्हणजे ७४ वॉट-अवर. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी सहसा विनापरवानगी नेता येते, १०० ते १६० च्या दरम्यान विमान कंपनीची परवानगी लागते. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या केबिनच्याच बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. विमानात पॉवर बँक वापरण्यावर अलीकडे काही कंपन्यांनी बंधनं आणली आहेत, निघण्याआधी त्यांच्या साइटवर नियम बघून घ्या.

पायरी ७: आता प्रोसेसर

‘आय-फाइव्ह आहे’ हे अर्धं वाक्य आहे. कितव्या पिढीचा? आय५-६३००यू हा २०१५ च्या सहाव्या पिढीतला, दोन कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा स्वतंत्र भाग). आय३-१२१५यू हा बाराव्या पिढीतला, सहा कोअरचा. नावाने धाकटा असलेला दुसरा प्रोसेसर पहिल्याला मागे टाकतो, आणि पहिल्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालतच नाही. इंटेलच्या या जुन्या पद्धतीच्या नावांत डॅशनंतरचा पहिला एक किंवा दोन आकडे म्हणजे पिढी. यू (कमी वीज खाणाऱ्या) प्रकारच्या आय५ ला चार कोअर मिळाले ते आठव्या पिढीपासून, त्यामुळे सेकंडहँडमध्ये त्याहून जुनी पिढी घेऊ नका.

एएमडीची गंमत वेगळी. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. एका आकड्याचा फरक. पहिल्यात २०१९ च्या झेन २ रचनेचे चार कोअर, दुसऱ्यात झेन ३ चे सहा. ७००० मालिकेत तिसरा आकडा रचना सांगतो, पहिला फक्त वर्ष. दोन्ही साध्या कामाला चालतील, पण सारख्याच किमतीत मिळत असतील तर कुठला घ्यायचा हे आता वेगळं सांगायला नको. ७५२०यू आणि त्याचा भाऊ रायझन ३ ७३२०यू यांच्यासोबतची रॅम सोल्डर केलेलीच असते, तेही लक्षात ठेवा.

सगळ्यात खालच्या पायरीवर इंटेल एन१०० बसतो: चार छोटे कोअर, वीज अगदी कमी. ८ जीबी रॅम आणि खरी एसएसडी असेल तर ब्राउझर-लिखाण-सिनेमा नीट चालतं. सेलेरॉन एन४०२० सारखे दोन कोअरवाले मात्र टाळा; व्हिडिओ कॉल चालू असताना दुसरी फाइल उघडली की आवाज तुटायला लागतो.

स्नॅपड्रॅगनवरचे विंडोज लॅपटॉप बॅटरीला फार चांगले. पहिल्या पायरीत डोंगल, जुना प्रिंटर किंवा ऑफिसचं व्हीपीएन निघालं असेल तर ते स्नॅपड्रॅगनच्या आर्म रचनेवर चालतं का याची खात्री करूनच हात घाला.

बाकीचं थोडक्यात. वायफाय ६ असेल तर बरं. प्रोजेक्टर किंवा टीव्हीला जोडायचं असेल तर एचडीएमआय. पेनड्राइव्हसाठी एक तरी जुना चौकोनी यूएसबी. हेडफोनचा जॅक.

पायरी ८: नवा की वापरलेला

बजेट खूपच कमी असेल तर अगदी खालचा नवा लॅपटॉप घेण्यापेक्षा ऑफिसांमधून निघालेला रिफर्बिश्ड (तपासून, दुरुस्त करून पुन्हा विकला जाणारा) बिझनेस लॅपटॉप मला केव्हाही बरा वाटतो. लेनोवो थिंकपॅड टी मालिका, डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक. कंपन्या हे तीन-चार वर्षांनी घाऊक बदलतात. यांचा कीबोर्ड, बिजागरी आणि दुरुस्तीची सोय नव्या स्वस्त लॅपटॉपमध्ये मिळत नाही. उणा भाग म्हणजे बॅटरी आणि कधीकधी स्क्रीन.

बॅटरी विक्रेत्यासमोरच तपासा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘powercfg /batteryreport’ असं टाइप केलं की एक अहवाल तयार होतो. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे असतात. ५०,००० चे ३२,००० उरले असतील तर बॅटरी ६४ टक्क्यांवर आली आहे. नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरून भाव करा. मॅकमध्ये बॅटरीची अवस्था सेटिंग्जमध्ये दिसते, आणि सायकल काउंट (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून झाली तो आकडा) सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये.

त्याहून मोठा धोका कुलुपाचा. लॅपटॉप बंद करून बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून बघा, तिथे पासवर्ड मागितला तर घेऊ नका. विंडोज नव्याने सेट करताना एखाद्या कंपनीचं नाव आणि तिथल्या खात्याचा लॉगिन मागितला जात असेल तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या ताब्यातून सुटलेला नाही. मॅकवर ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे जुन्या मालकाच्या ॲपल खात्याचं कुलूप, निघालंय ना ते बघा. विक्रेता ‘घरी गेल्यावर होईल’ म्हणाला तर ते तिथेच करून दाखवायला सांगा.

पायरी ९: पैसे देण्याआधी मॉडेल नंबर

एकाच नावाखाली अनेक लॅपटॉप विकले जातात. लेनोवो आयडियापॅड स्लिम ३ हेच बघा: प्रोसेसर निरनिराळे, काहींत टीएन स्क्रीन तर काहींत आयपीएस. यूट्यूबवर ज्याची स्तुती ऐकली तो आणि तुमच्या कार्टमध्ये असलेला, नावाने एक आणि पोटातून वेगळे असू शकतात. म्हणून नाव नको, पूर्ण मॉडेल नंबर घ्या. तो खोक्यावर किंवा लॅपटॉपच्या तळाच्या स्टिकरवर असतो, ऑनलाइन असेल तर तपशिलांच्या तक्त्यात. तो कंपनीच्याच साइटवर टाकून स्पेसिफिकेशन वाचा. लेनोवोचं तर यासाठी पीएसआरईएफ नावाचं स्वतंत्र संकेतस्थळ आहे आणि तिथे पॅनेल, निट्स, सोल्डर रॅम, बॅटरी, सगळं सरळ लिहिलेलं असतं. विक्रेत्याचं पान आणि कंपनीचं पान यांत तफावत निघाली तर कंपनीचं खरं धरा.

प्रवास जास्त असेल तर वॉरंटी दुसऱ्या देशात चालते का, हे याच वेळी बघून ठेवा. आणि परत करायची मुदत किती दिवसांची, खोकं उघडल्यावर चालते का, हेही.

पायरी १०: पहिला आठवडा

खोकं आणि आतलं प्लास्टिक मुदत संपेपर्यंत फेकू नका. पहिल्याच दिवशी स्क्रीनवर पूर्ण पांढरं, पूर्ण काळं आणि एकेक रंग लावून मेलेले ठिपके शोधा. प्रत्येक पोर्टमध्ये काहीतरी खुपसून बघा. एक खराखुरा व्हिडिओ कॉल करा आणि पलीकडच्याला आवाज कसा येतो ते विचारा. रात्री झाकण मिटून ठेवा आणि सकाळी चार्ज किती उतरला ते बघा. खूप उतरला असेल तर झोपेत काहीतरी जागं राहतंय, आणि हेच प्रवासात बॅगेत घडेल.

सोबत आलेलं अँटिव्हायरसचं ट्रायल काढून टाका. विंडोजमधलं स्वतःचं डिफेंडर साध्या वापराला पुरतं, आणि ट्रायल संपल्यावरच्या धमक्याही वाचतात. ऑफिस खरंच कायमचं मिळालंय की महिनाभराचंच, ते बघा. महिनाभराचं असेल तर लिब्रऑफिस फुकट आहे. लॅपटॉप बहुतेक वेळ प्लगला लावूनच राहणार असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू करा आणि प्रवासाच्या आदल्या रात्री बंद.

प्रवासात नेण्याआधी एन्क्रिप्शन चालू आहे ना ते सेटिंग्जमध्ये बघा, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी आतलं कुणाला वाचता येणार नाही. विंडोज ते चालू करतं तेव्हा ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवतं. ती कागदावर उतरवून घरी ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको. सोबत तळाच्या स्टिकरवरच्या सीरियल नंबरचा आणि बिलाचा फोटो फोनमध्ये असू द्या. लॅपटॉप हरवला तर पोलिसांपासून विम्यापर्यंत सगळे आधी तोच मागतात.